नऊ रेघा

पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या खोलीच्या छताचा गिलावा खाटेवर पडला. मी बाहेर दात घासत होतो. वरून कोणी गव्हाचं पोतं टाकावं तसा आवाज झाला. आत जाऊन पाहिलं तर परातीएवढा तुकडा खाटेच्या बरोबर मधे पडलेला होता. अंथरलेल्या वाकळीवर सिमेंटचा भुगा पसरला होता. वर छताला ओल आली होती आणि त्या ओलीतून एक भेग सरळ भिंतीपर्यंत गेली होती.

ती खाट शीतलसाठी मांडली होती. शीतल माझी मुलगी, काटोलला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता आणि दसऱ्यानंतर पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडे येणार होती. खोली त्यासाठीच बांधली. आधी तिथं कवेलूचा, म्हणजे कौलांचा, ओसारा होता. माझी बायको इंदू म्हणायची, "पोरगी कवेलूखाली बाळंत नाही होणार. वरून विंचू पडते." शीतलचं लग्न ठरलं नव्हतं तेव्हापासून म्हणायची.

इंदू मे महिन्यात गेली. छत पडलं एप्रिलच्या शेवटी. म्हणजे छत टाकलं. आमच्याकडे स्लॅब टाकण्याला छत पडणं म्हणतात. आता तो शब्द मला नको वाटतो.

मिस्त्री इंदूनं आणला होता. अंकुश, तिच्या माहेरचा, सावरगावचा. सख्खा भाऊ नाही, पण तिच्या गल्लीतला, तिच्या हाताखाली वाढलेला. ती त्याला राखी बांधायची आणि तो मला भाऊजी म्हणायचा. मला सौंसरचा मिस्त्री पाहिजे होता, जवळचा. पांढुर्ण्याच्या पलीकडून रोज येणारा माणूस दहा वाजता येतो आणि चारलाच घड्याळ पाहतो. मी तसं बोललो तर इंदू हसली.

"सावरगावच्या माणसाचा हात नेमका असते. गोटमारीत पाह्यला नाही का तुम्ही?"

"गोटमारीत नदीपार दगड मारणं वेगळं, भिंत बांधणं वेगळं," मी म्हणालो.

"तुम्हाले सगळ्याचाच संशय येते," ती म्हणाली.

ते खरं आहे. मी शेठच्या संत्र्याच्या बागेत पाण्यावर असतो, एकवीस वर्षं झाली. कोणत्या झाडाखालून किती फळ गेलं, कोणाच्या सायकलला पिशवी जड दिसते, हे पाहणं माझंच काम. शेठ माझ्यावर नजर ठेवतो, मी बाकीच्यांवर. ती सवय घरी आल्यावर सुटत नाही.

काम चालू असताना मी रिकामी पोती मोजून ठेवत होतो. सिमेंटची चाळीस पोती आली, रिकामी अडतीस भरली. दोन कुठं गेली, हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण इंदूला राग आला असता. नंतर विचारायला इंदू राहिली नाही.

आणि आणखी एक गोष्ट मी विसरलो नव्हतो. इंदू गेल्यावर तिसऱ्या दिवशी अंकुश दारात आला होता. अंगणात मांडवाखाली लोक बसले होते. त्यानं गाडी कुंपणाशी लावली. गाडीच्या मागे काळ्या पाइपचं भेंडोळं बांधलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कामावर निघालेला. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, मी वर जाऊ काय?" त्याच्या मजुरीचं थोडं राहिलं होतं. मला वाटलं, वर जाऊन काम मोजणार आणि राहिलेलं मागणार. तिसऱ्याच दिवशी. मी म्हणालो, "तुले कामाची पडली आहे का? जा इथून." तो गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आला तेव्हा मागच्या रांगेत बसला आणि न जेवता गेला. राहिलेले पैसे मी नंतर त्याच्या घरी पाठवले. पण त्या दिवशीचं त्याचं येणं माझ्या मनातून गेलं नाही.

पाऊस लागल्यावर छत गळायला लागलं. आधी एका कोपऱ्यात, मग चार ठिकाणी. मी खाली घमेली ठेवली. दर सरीनंतर भिंतीला नख लावून पाहत होतो. माती निघते का, वास कसा येतो. मला वाटायचं, नाल्याची रेती मिसळली. पुन्हा वाटायचं, सळई बारीक टाकली. वर चढून मात्र मी पाहिलं नाही. इंदू गेल्यापासून मी त्या जिन्यानं वर गेलोच नव्हतो. छत टाकल्यावर नवव्या दिवशी संध्याकाळी त्याच जिन्यावरून ती छातीला हात लावून खाली आली होती. दवाखान्यात नेताना सावनेरच्या अलीकडेच गाडीत संपली.

जिन्याच्या भिंतीवर तिनं कोळशानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. छतावर पाणी टाकलं की एक रेघ. भिंतीला चुना मारणाऱ्या पोराला मी म्हणालो होतो, तेवढी जागा सोड. आल्यागेल्यानं विचारलं तर सांगायचो, इंदूच्या हातच्या आहेत.

गिलाव्याचा तो तुकडा मी पोत्यात बांधून ठेवला.

वर्षावास चालू होता. आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि रविवारी सगळा मोहल्ला येतो. विहाराला कंपाउंडची भिंत घालायची होती आणि त्याचं माप घ्यायला त्या रविवारी अंकुशला बोलावलं होतं. वाचन संपलं, सरणत्तय झालं. लोक चपला शोधत होते. मी पोतं उघडलं आणि तुकडा अंकुशच्या पायापुढं टाकला.

"हे काय आहे सांग."

त्यानं खाली पाहिलं. "गिलावा."

"कोणाच्या हातचा?"

"माह्या."

"माह्या पोरीच्या खाटेवर पडला. पोटुशी पोरगी असती त्याच्याखाली तर?"

लोक थांबले. कोणी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन उभा होता.

"दोन पोती कुठं गेली?" मी विचारलं.

"कोणती पोती?"

"सिमेंटची. चाळीस आली, अडतीस भरली. मी मोजली आहेत."

मागून कोणीतरी म्हणालं, "सावरगावले गेली असन, बहिणीची भेट म्हणून." लोक हसले. मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

अंकुशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माप घ्यायची फीत त्याच्या हातात होती, ती तो गुंडाळत राहिला. "भाऊजी, मी येतो अन् गिलावा नवीन करून देतो. मजुरी नको," एवढंच म्हणाला.

"करून देतो म्हणते! म्हणजे कबूल आहे."

तो फीत खिशात घालून गेला. भिंतीचं माप घेतलंच नाही. आठ दिवसांत ते काम दुसऱ्याला दिलं.

बातमी काटोलला पोचायला दोन दिवस लागले. विहीणबाईंचा फोन आला.

"इवाई, राग नका धरू. छत पडून राहिलं म्हणे तुमचं."

"गिलावा पडला. छत नाही."

"आम्हाले काय फरक समजते. घरात बाई नाही, वरतून छत असं. शीतलचं इथीच होऊ द्या. आम्ही काय परके आहो?"

मग शीतल बोलली, हळू, बाजूला जाऊन. "बाबा, मले तिथीच यायचं आहे. आईनं माह्यासाठी केली ना ती खोली? तुम्ही फक्त नीट करून घ्या. कोणाकडूनही घ्या. दसऱ्यापर्यंत नाही झालं तर हे मले सोडणार नाहीत."

"होते," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ खाटेवर बसलो होतो, डोकं मागे टाकून, वर पाहत.

सौंसरहून वीरेंद्र मिस्त्रीला आणलं. पन्नाशीचा माणूस, बोलताना हिंदी जास्त. त्याला मी आधीच सांगितलं, "मिलावट कुठं आहे ते दाखवा. मले चार लोकांपुढं ठेवायचं आहे." तो म्हणाला, "पहले देखने तो दो."

त्यानं खालून हातोडीनं ठोकून पाहिलं. काही ठिकाणी टणक वाजलं, काही ठिकाणी पोकळ. मग भेगेपाशी छन्नी लावून थोडं उकरलं, सळई उघडी केली, बोटानं मापली. पडलेला भुगा तळहातावर घेऊन फुंकला. नंतर छतावर गेला. मी खालीच उभा राहिलो.

"भाऊ!" वरून आवाज आला. "ये दो बोरी तुम्हारी है क्या?"

"कोणती?"

"सीमेंटची. कोपऱ्यात, दगडाखाली दबून आहेत."

त्यानं ती खाली टाकली. दोन रिकामी पोती, उन्हापावसानं फाटलेली, उसवून सपाट केलेली. उसवणं हाताचं होतं, दोरा न तोडता ओढून काढलेला. पोतं असं कोण उसवतं मला माहीत होतं. दोरासुद्धा टाकायचा नाही, ही तिची सवय.

"कशाला ठेवली असतील?" मी विचारलं, पण मला समजलं होतं. छत ओलं राहावं म्हणून पाणी टाकल्यावर वर झाकायला.

वीरेंद्र हात झटकत खाली आला. "सळी बराबर है. रेती कन्हानची आहे, चाळलेली. मालात काही खोट नाही."

"मग फाटलं कसं?"

"तराई कोणी केली? पानी किसने डाला?"

"माह्या घरच्यांनी."

"किती दिवस?"

"एकवीस," मी म्हणालो. अंकुशनं एकवीस सांगितले होते म्हणून तोंडात तोच आकडा आला.

वीरेंद्रनं मान हलवली. "उन्हाळ्यात टाकलेलं छत एकवीस दिवस पाणी पिलं तर असं नाही होत भाऊ. हे प्यासं राहिलं आहे." त्यानं गाडीला किक मारली. "जिसने डाला उसी से ठीक कराओ. आदमी अच्छा है."

तो गेल्यावर मी जिन्यापाशी आलो. चार महिने रोज त्या रेघा पाहत होतो. मोजल्या नव्हत्या. मोजल्या. नऊ.

नऊ दिवस ती चौदा पायऱ्या चढली होती, डोक्यावर घागर घेऊन. नळ एक दिवसाआड यायचा. ड्रम खाली अंगणात. सकाळी वीस घागरी, संध्याकाळी वीस. छतावर मातीचे वाफे केले होते, ते भरायचे. दहाव्या दिवशी माझी मोठी बहीण यमुनाबाई आली, दारातूनच ओरडत, "या छतानंच खाल्लं तिले. आता एक थेंब नको टाकू कोणी वर." आम्ही बौद्ध आहोत, असलं काही मानत नाही, मी स्वतः विहारात तसं बोललेला माणूस आहे. पण त्या दिवशी मी मान हलवली. कोणी पाणी टाकलं नाही. मे महिन्याचं ऊन बारा दिवस त्या छतावर पडलं. नंतरही कोणी टाकलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी अंकुश आला होता. पाइप घेऊन. "मी वर जाऊ काय?" म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मी बागेत सुट्टी सांगितली आणि पांढुर्ण्याची बस धरली. तिथून जाम नदीच्या पुलावरून सावरगावला चालत गेलो. नदीत पाणी कमी होतं. गोटमारीचे दगड अजून काठावर पडलेले होते.

अंकुशचं घर मला माहीत होतं. तो ओसरीत थापी आणि रंधा धूत बसला होता. त्याची बायको वैशाली दारात उभी राहिली. पाणी दिलं, पण तांब्या हातात दिला नाही, खाली ठेवला.

"चहा करू?" ती म्हणाली. "का त्याच्यात बी काही मिसळलं वाटन तुम्हाले?"

"वैशाली," अंकुश म्हणाला.

"काय वैशाली? नळावर बाया मले विचारतात, दोन पोत्यांत काय बांधलं वं म्हणून. मी काय सांगू?"

मी खाली बसलो. काय म्हणायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, ते आठवेना. समोर खिळ्याला काळ्या पाइपचं भेंडोळं टांगलेलं होतं. दुकानदारानं बांधलेली सुतळी तशीच होती.

"नऊच रेघा आहेत," मी म्हणालो.

अंकुशचा हात थांबला.

"तुले माहीत होतं?"

"छत मी टाकलं. मले माहीत नसन तर कोणाले?"

"मग बोलला काऊन नाही? विहारात, एवढ्या लोकांत चोर म्हटलं मी तुले."

"काय बोलू? ताई मेली म्हणून छत फाटलं, असं म्हणू? तुमच्या तोंडावर?" तो थापीवरचं पाणी निपटत राहिला. "अन् म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाले असते? मेलेल्या बाईवर ढकलून राहिला."

म्हणालो असतो.

मग तोच बोलला. खाली पाहून. "पाइप मी आणणार होतो. ताईले पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, घागरी नको वाहू, मी पाइप अन् टिल्लू पंप आणतो. मग मुलताईकडं काम लागलं. ताई रोज फोन करे. अंकुश, पाइप. मी म्हणो, उद्या. नवव्या दिवशी बी म्हटलं, उद्या नक्की, ताई." त्यानं थापी बाजूला ठेवली. "तुम्ही चोर म्हटलं तेव्हा मले वाटलं, म्हणू दे."

वैशाली दारातून आत गेली.

बागेतल्या गोष्टी मी कोणाला सांगत नाही. ही तर स्वतःलाही सांगितली नव्हती.

"पाइप बागेत होते," मी म्हणालो.

"कोणत्या?"

"शेठच्या. मे महिन्यात झाडाले ताण देतो आम्ही. पाणी तोडतो, म्हणजे मृग लागला की फुलं धरतात. सगळे पाइप गुंडाळून खोलीत ठेवले होते. किल्ली माह्याजवळ. तिनं मागितला होता एक, पंधरा दिवसांसाठी."

"मंग?"

"नाही म्हटलं तिले. शेठले वाटन, चोरून नेला."

अंकुशनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं तो काहीतरी बोलेल आणि मला ते हवं होतं. तो उठला, खिळ्यावरचं भेंडोळं काढलं आणि माझ्याजवळ ठेवलं.

आतून कपबशीचा आवाज आला. वैशालीनं चहा आणला. या वेळी कप हातात दिला.

"ते येतील," ती म्हणाली. "पण पहिले रविवारी विहारात सांगा. जिथं म्हणाले तिथंच. अन् दोन पोत्यांचं नाव घेऊन सांगा."

रविवारी वाचन संपल्यावर मी उभा राहिलो. ती दोन उसवलेली पोती नेली होती. म्हणालो, ही पोती माझ्याच छतावर सापडली, माझ्या घरच्यांनी तिथं ठेवली होती. मालात खोट नव्हती. पाणी आम्ही बंद केलं. अंकुशला मी चोर म्हणालो ते खोटं होतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. यमुनाबाई बायांमध्ये बसली होती, ती उठून बाहेर गेली. बाहेर पायरीवर मला म्हणाली, "माहं नाव घेतलं नाही तू." मी म्हणालो, "घर माहं होतं, बाई." विहाराच्या भिंतीचं काम मात्र गेलं ते गेलंच. अर्धी भिंत उभी झाली होती.

अंकुश सोमवारी आला. नऊ वाजता आला, चारला घड्याळ पाहिलं नाही. खालचा सगळा पोकळ गिलावा पाडला, भेगा व्ही सारख्या उघडल्या, सिमेंटचं पाणी पाजलं, मग भरल्या. वरून कोबा केला, उतार मागच्या बाजूला दिला. पाऊस थांबला होता आणि ऑक्टोबरचं ऊन लागत होतं. मी बागेतून लवकर येऊन त्याच्या हाताखाली घमेली दिली. माल कालवताना मी एकदा बोटानं रेती चोळून पाहिली. त्यानं पाहिलं.

"पाहा पाहा," तो म्हणाला. "वास बी घ्या."

आम्ही दोघंही हसलो. इंदू गेल्यापासून मी त्या जागी पहिल्यांदा हसलो.

पाणी टाकायचं तेव्हा त्यानं पाइपची सुतळी तोडली, एक तोंड ड्रममधल्या पंपाला लावलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "चढा," म्हणाला. मी चौदा पायऱ्या चढलो. वर काहीच नव्हतं. सपाट छत, लिंबाची पानं, एका कोपऱ्यात तिची घागर उपडी घातलेली. मी पाणी सोडलं. खाली आलो आणि चुलीतला कोळसा घेतला.

अंकुश म्हणाला होता, कोब्याला पंधरा दिवस पुरे. मी एकवीस दिवस टाकलं, सकाळ-संध्याकाळ.

दसरा होऊन दहा दिवसांनी शीतल आली. जवाई प्रफुल्ल आणि विहीणबाई सोडायला आले. शीतलला धरून आत नेण्याआधी विहीणबाई स्वतः खोलीत गेल्या. छत्रीच्या टोकानं छताला दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं. मग भिंतीला तळहात लावला आणि तो नाकाशी नेला.

"कोरडी दिसते," त्या म्हणाल्या. "नक्की ना, इवाई? काम कोणी केलं?"

"माह्या साळ्यानं," मी म्हणालो.

त्या छत्री बाजूला ठेवून खाटेवर बसल्या. वाकळ हातानं सारखी केली.

शीतल अंगणातच होती. जिन्यापाशी उभी राहून भिंतीकडं पाहत होती.

"तीस?" ती म्हणाली. "आईच्या तर कमी होत्या ना?"

"पहिल्या नऊ तिच्या. बाकीच्या माह्या."

तिनं पहिल्या रेघेवर बोट ठेवलं आणि सरकवत शेवटच्या रेघेपर्यंत आणलं. सगळ्या एका ओळीत होत्या. इंदू बुटकी होती. तिच्या रेघांच्या सरळीत आपली रेघ यावी म्हणून मला एकवीस दिवस वाकावं लागलं होतं. शीतलला वाकावं लागलं नाही.